तिसऱ्या बादलीला पाणी कोमट: गिझर लहान आहे की घोळ दुसराच आहे?

घरातल्या गिझरची खरी परीक्षा होते ती दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. एरवी जो तो आपापल्या वेळेने न्हातो. नरक चतुर्दशीला मात्र सूर्य उगवायच्या आत सगळ्यांना उरकायचं असतं, अंगाला तेल-उटणं असतं आणि ते काही एका बादलीत निघत नाही. पहिल्या दोघांना कढत पाणी मिळतं, तिसरा ‘अगं, कोमट येतंय’ म्हणून आतून ओरडतो, चौथा मुकाट्याने गॅसवर पातेलं चढवतो. त्याच दिवशी फराळाला बसल्यावर ठराव होतो: हा १५ लिटरचा गिझर काढायचा, २५ चा आणायचा.

आमच्या नाशिकच्या मामेभावाकडे अगदी हेच झालं. २५ लिटरचा आला, बसला आणि डिसेंबरात त्याचा फोन आला: ‘दादा, अजूनही तिसऱ्याला कोमटच येतंय रे.’ त्या एका फोनमुळे मी जी शोधाशोध केली, ती इथे लिहितोय. गिझरवर छापलेले लिटर हा हिशेबाचा शेवटचा आकडा आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि म्हणून पैसे घालूनही पाणी कोमटच राहतं.

आधी विसणाचा हिशेब

गिझरचं पाणी कुणी तसंच अंगावर घेत नाही, त्यात विसण घालावंच लागतं. म्हणजे १६ लिटरची बादली भरायला १६ लिटर गरम पाणी लागत नाही. किती लागतं, हे तीन तापमानांवर ठरतं: नळाचं पाणी किती गार, गिझरमधलं किती गरम आणि अंगाला सोसवतं किती. स्वयंपाकाचा किंवा दह्यासाठीचा साधा थर्मामीटर असेल तर दोन मिनिटांत मोजून होतं.

भावाकडे डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी १६ अंश निघालं. गिझरचा दिवा विझल्यावरचं पाणी ६० अंश. आणि घरातल्यांना आंघोळीला लागतं साधारण ४२. आता गुणाकार-भागाकार: बादलीचे १६ लिटर गुणिले २६ (४२ वजा १६), भागिले ४४ (६० वजा १६). उत्तर साडेनऊ लिटर. एका बादलीत साडेनऊ लिटर गिझरचं, साडेसहा लिटर विसण.

दुसरी गोष्ट, १५ लिटरच्या गिझरमधून १५ लिटर गरम पाणी कधीच मिळत नाही. वरच्या तोंडातून गरम पाणी बाहेर पडतं तसं खालून गार पाणी आत शिरतं आणि शेवटी शेवटी दोन्हींची मिसळ होते. उभा गिझर नीट बसवलेला असेल तर साधारण चार-पंचमांश पाणी खरं गरम धरावं: १५ मध्ये १२ लिटर, २५ मध्ये २०. लॉफ्टखाली किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लपवायला आडवा गिझर घेतात, त्यात गार-गरम थरांची उंचीच कमी, त्यामुळे मिसळ लवकर होते आणि हा आकडा आणखी खाली येतो. दिसायला छान, पण आडवा घेणार असाल तर एक माप वरचं घ्या.

म्हणजे १५ लिटरच्या गिझरमध्ये साठा जेमतेम सव्वा बादलीचा आणि २५ च्या गिझरमध्ये दोन बादल्यांचा. मग चौघांच्या घरात इतकी वर्षं चाललं कसं? कारण एक जण न्हात असताना गिझर पुढच्याचं पाणी तापवत असतो. सगळी गंमत इथेच आहे, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

लिटर कमी महत्त्वाचे, वॅट जास्त

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. आपली एक बादली, १६ लिटर, २६ अंश, म्हणजे सुमारे ४८४ वॅट-तास. जवळजवळ अर्धा युनिट. बाजारातले बहुतेक साठवणीचे गिझर २००० वॅटचे असतात, लिटर कितीही असोत. २००० वॅटच्या कॉइलला हे ४८४ वॅट-तास पाण्यात घालायला साडेचौदा मिनिटं लागतात. टाकी ६ लिटरची असो की ५० ची, एकदा साठा संपला की दर पंधरा मिनिटांना एक बादली, हाच वेग. टाकी म्हणजे आधी भरून ठेवलेला हंडा. नळाची धार कॉइलच्या हातात.

हा हिशेब चौघांच्या घरावर लावून बघू. चार बादल्यांना एकूण १९३६ वॅट-तास. १५ लिटरच्या गिझरमध्ये सुरुवातीला ६१२ वॅट-तास साठलेले असतात (१२ लिटर, लिटरमागे ५१). उरलेले १३२४ मधल्या तीन अंतरांत तापवायचे, म्हणजे ४० मिनिटं, म्हणजे दोन आंघोळींमध्ये १३ मिनिटांचं अंतर. २५ लिटरच्या गिझरला तोच हिशेब लावला तर अंतर येतं ९ मिनिटांचं. सगळा फरक चार मिनिटांचा! त्यासाठी हजारो रुपये. आणि १५ लिटरचाच पण ३००० वॅटचा गिझर असेल तर? त्यालाही ९ मिनिटंच लागतात. २५ लिटर आणि ३००० वॅट असं दोन्ही घेतलं तर ६ मिनिटं.

हा हिशेब थोडा उदार आहे हे कबूल. कारण मधल्या काळात टाकीतलं पाणी ६० वर नसतं, आणि तेल लावून न्हाणाऱ्याला एक बादली पुरत नाही. पण कुणाला काय घ्यावं हे यावरून नक्की कळतं. माझ्या मते ज्या घरात सकाळी पाठोपाठ दोघंच न्हातात, तिथे १५ लिटर पुरतात. चौघं तासाभरात आरामात उरकत असतील तरी १५ पुरतात. चौघांना अर्ध्या तासात बाहेर पडायचं असेल तर २५. आणि घरात कुणी डोक्यावरून न्हाणार असेल, लांब केस असतील, तर त्या दिवशी ती व्यक्ती दोन माणसं म्हणून मोजा.

इथे एक सवय हिशेब बिघडवते. आपल्याकडे वडीलधारी मंडळी आंघोळीला जाताना गिझरचं बटण बंद करून जातात, शॉक बसेल म्हणून. भीती खोटी नाही. पण बटण बंद म्हणजे मधल्या वेळात तापणंही बंद, आणि पुढचा माणूस फक्त उरलेल्या साठ्यावर. ‘आमचा गिझर लहान पडतो’ म्हणणाऱ्या निम्म्या घरांत मला हेच सापडतं. अर्थिंग पक्कं असेल आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर मध्ये गिझर चालू राहू द्यायला हरकत नाही. ते नसेल तर सवय सोडू नका, उलट आधी ते बसवून घ्या. नाहीतर साठ्यावरच भागवायचं म्हणून मोठी टाकी घ्या.

शॉवरवाल्यांचं गणित निराळं

साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी ओततो. सहा मिनिटांच्या शॉवरला ५४ लिटर धरा, म्हणजे साडेतीन बादल्या. ४० अंशांना मिसळलं तरी त्यातले २९-३० लिटर गिझरचे. २५ लिटरचा गिझर पाचव्या मिनिटाला हात टेकतो आणि त्याच वेळी डोक्याला शाम्पू असतो. छतातून पडणारा मोठा ‘रेन’ शॉवर तर याहून जास्त पाणी पितो. अशा बाथरूमला एका माणसासाठीसुद्धा ३५ लिटर लागतात. किंवा मग शॉवरचं तोंड कमी पाण्याचं घ्या, ते कितीतरी स्वस्त पडतं.

इन्स्टंट गिझरचा घोळही असाच. ३ लिटर, ३००० वॅट. मुंबई-ठाण्याकडे हिवाळ्यातही नळाचं पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असतं, तिथे तो मिनिटाला अडीच-पावणेतीन लिटर ४२ अंशांचं पाणी देतो आणि सहा मिनिटांत बादली भरते. तोच गिझर नाशिकला नेला की १६ अंशांच्या पाण्याला मिनिटाला जेमतेम दीड-पावणेदोन लिटर. बादलीला दहा मिनिटं, तीही धार करंगळीएवढी. मुंबईहून बदली होऊन आलेली माणसं ‘गिझर बिघडला’ म्हणतात. बिघडलेला नसतो बिचारा. आणि इन्स्टंटवर शॉवर चालवायचा विचार तर घाटाखालीही करू नका.

मोठा घेण्याआधी आहे तो तपासा

आता भावाच्या घरी परत येऊ. २५ लिटर, चौघं, दहा-दहा मिनिटांचं अंतर. हिशेबाने पुरायला हवं होतं. पुरत नव्हतं. म्हणजे गिझर जेवढं द्यायला हवं तेवढं देत नव्हता.

पहिली तपासणी बादलीची. गिझरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, बटण बंद केलं आणि फक्त गरम नळ सोडून तीन-तीन लिटरचा मग भरत गेलो. प्रत्येक वेळी थर्मामीटर. चांगल्या गिझरमध्ये तापमान बराच वेळ ६० च्या आसपास टिकतं आणि मग एकदम घसरतं. इथे ते पहिल्या मगापासूनच उतरायला लागलं. सहा लिटरला ५१, बारा लिटरला ४३, अठराला ३७. अशी हळूहळू घसरण दिसली की समजावं, आत गार पाणी सगळीकडे मिसळतंय.

खाली वाकून पाहिलं तर निळ्या कडीच्या तोंडाला गरम नळाची लाइन आणि लाल कडीला गार पाण्याची. सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा लाल बाजूलाच. गिझरच्या आत लाल तोंडाची नळी वरपर्यंत गेलेली असते, वरचं गरम पाणी उचलायला, आणि निळ्या तोंडातून गार पाणी तळाशी शिरतं. उलटं जोडलं की गार पाणी वरून पडतं, सगळं ढवळून काढतं, आणि नळाला जातं तळाचं. भिंतीतून आलेले पाइप जसे समोर आले तसे प्लंबरने सरळ जोडून टाकले होते. जुना १५ चा गिझरही त्याच पाइपांना जोडलेला होता. म्हणजे तोही बिचारा सुरुवातीपासून उलटाच चालत होता. काढून टाकलेल्या त्या गिझरची काहीच चूक नव्हती.

जोडणी बदलली, पुन्हा मग भरले. अठराव्या लिटरपर्यंत ५८.

पण सगळीकडे हेच कारण निघेल असं नाही. तापमान टिकतंय, पण मुळातच ४५ च्या आसपास आहे, असं दिसलं तर दोन शक्यता. एक, थर्मोस्टॅटची खुंटी कुणीतरी वीज वाचवायला खाली आणलीय. पाणी ५० वर ठेवलं तर एका बादलीला साडेनऊऐवजी सव्वाबारा लिटर गरम पाणी लागतं, म्हणजे १५ चा गिझर एका बादलीतच आटोपला. खुंटी ६० वर आणा. त्याच्या फार वर नेऊ नका, लहान मुलं असतील तर मुळीच नको, आणि बोअरच्या जड पाण्यात जास्त तापमानाला क्षार झपाट्याने बसतो. बादलीत आधी विसण, मग गरम, हा आजीचा नियम आजही बरोबर आहे.

दुसरी शक्यता मिक्सर, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणारा बाथरूमचा नळ. गिझरला जाणारा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ सोडा. पाइपातलं थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. थांबलीच नाही तर ते पाणी गिझरमधून येत नाहीये, मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. हँड शॉवरचं बटण सोडून दिलं आणि मिक्सरच्या दोन्ही खुंट्या उघड्याच ठेवल्या की हे हमखास होतं. नाहीतर मिक्सरच्या आतला भाग झिजलेला असतो. तो शे-दोनशे रुपयांचा भाग न बदलता लोक गिझर बदलतात.

पहिली बादली झकास, पण नंतर गिझर पुन्हा तापायलाच फार वेळ घेतो, असं असेल तर मीटरकडे जा. घरातलं बाकी सगळं बंद करा, गिझर थंड पाण्यावर चालू करा आणि बरोबर पंधरा मिनिटांनी रीडिंग घ्या. २००० वॅटच्या गिझरने अर्धा युनिट खाल्लेला असायला हवा. त्याहून बराच कमी खाल्ला तर बहुतेक व्होल्टेज कमी आहे. गावाकडे सकाळी शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज १९० वर येतं, आणि कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २००० वॅटची कॉइल १९० व्होल्टला १३६५ वॅटची होते. साडेचौदा मिनिटांची बादली मग एकवीस मिनिटांची. अशा ठिकाणी मोठी टाकी घेऊन रात्री किंवा पहाटे, व्होल्टेज चांगलं असताना तापवून ठेवणं हाच शहाणपणा. इथे २५ किंवा ३५ लिटरला मी नको म्हणणार नाही.

‘कॉइलवर क्षार बसला म्हणून हळू तापतं’ हे वाक्य प्रत्येक मेकॅनिक म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही. क्षार बसला तरी कॉइल वीज तेवढीच ओढते आणि ती उष्णता पाण्यातच जाते, दुसरीकडे जाणार कुठे? क्षाराचं खरं नुकसान वेगळं. कॉइल आतून जास्त तापते आणि एके दिवशी फुटते. तळाशी गाळ साठून टाकीतली जागा कमी होते. तापताना आतून कडकड आवाज येत असेल तर हे चाललंय असं समजा. बोअरचं पाणी असेल तर वर्षा-दीड वर्षाने गिझर उघडून साफ करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. ती झिजण्यासाठीच असते, ती संपली की टाकी झिजायला लागते.

माप वाढवायचंच ठरलं तर

३००० वॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. जुन्या बाथरूममध्ये दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि ढिला सॉकेट असेल तर प्लगच्या पिना काळ्या पडतात, वास येतो. तांब्याची चार चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, हे आधी. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर कधीही नाही.

स्टारच्या लेबलचा आणि पाणी लवकर तापण्याचा काही संबंध नाही. ते चिन्ह सांगतं की तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर दिवसभरात किती उष्णता गळते. जो गिझर तासन् तास चालू ठेवतो त्याला पाच स्टारचा फायदा मोठा, अर्धा तास लावणाऱ्याला किरकोळ.

गॅस गिझर पाणी भरभरून देतो, लिटरचा प्रश्नच उरत नाही. पण तो बंद बाथरूममध्ये बसवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कळतही नाही. बसवायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत. यात तडजोड नाही.

सोलर असेल आणि पहिली अर्धी बादली गारच येत असेल तर तो मापाचा दोष नव्हे. गच्चीपासून वीस मीटर पाऊण इंची पाइप असला तर त्यातच पाच लिटर गार पाणी उभं असतं. ते वेगळ्या बादलीत धरा, विसणाला होतं.

भावाच्या घरी जोडणी सरळ केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. ‘दादा, आता खालून टपकतंय.’ पाणी १६ वरून ६० अंशांना गेलं की फुगतं, २५ लिटरमागे जवळजवळ ४०० मिली. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडतं, तापत असताना तेवढं टपकणं बरोबरच आहे. त्याला म्हटलं, खाली एक नळी लावून ती मोरीत सोड. आणि काही झालं तरी त्या भोकावर एमसील लावू नकोस. तर म्हणतो, ‘कालच लावलं होतं रे.’ तिथल्या तिथे मेन स्विच बंद करायला लावला, रात्री जाऊन एमसील खरवडून काढलं आणि व्हॉल्व्ह नवा बसवला.